बदल अंगवळणी पडताना: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि त्याच आठवड्यात ऑफिसात माझा विभाग बदलला. १९ वर्षं मी पगारपत्रकं केली, आता नव्या माणसांना शिकवायचं काम आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच. लेकीला हवी ती नोकरी मिळाली, मला बढती मिळाली. तरी संध्याकाळी घराचं कुलूप काढताना हात रेंगाळतो.

बदल स्वीकारा असं सगळेच सांगतात, कसा ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. उपदेश नकोत, अनुभव हवेत. पहिले दिवस कसे गेले आणि नवं ते आपलं कधी वाटायला लागलं, एवढं लिहा. जमलं नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

*

मी ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. नोकरीची पहिली १४ वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे गेली. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, शाईची पेनं, ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली की ब्लेडच्या कोपऱ्याने ती हलकेच खरवडायची आणि मग ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई फुटते. माझं खरवडलेलं उजेडासमोर धरल्याशिवाय दिसायचं नाही. अवघड दुरुस्ती असली की लोक कागद घेऊन माझ्याकडे यायचे.

कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड १९८२ सालीच आलं होतं, आमच्याकडे पोचायला आणखी १२-१३ वर्षं गेली. कमांड पाठ करणं मला जड गेलं नाही. मी अडलो ते भलत्याच जागी. बोर्डावर आधी प्रमाण ठरवायचं. १:१०० म्हणजे १० मीटरची भिंत कागदावर १० सेंटिमीटर. हात त्याच हिशेबाने चालायचा. स्क्रीनवर मात्र १० मीटरची भिंत १० मीटरचीच काढायची, प्रमाण नंतर, छापताना. मी मनातल्या मनात शंभराने भागत राहिलो आणि ड्रॉइंग चुकत राहिलं. शेजारी बसणारा मुलगा माझ्याहून १५ वर्षांनी लहान होता. त्याला विचारायला मला तीन आठवडे लागले. त्याने एका वाक्यात सोडवलं, "सर, भागू नका, आहे तेवढं काढा."

त्या रात्री झोप लागली नाही. चूक कळली याचा आनंद होता, पण ज्या हाताला लोक मान द्यायचे त्याचं आता काय, हे टोचत होतं. चुकलेली रेघ आता एका बटणाने जात होती. ब्लेडला कामच उरलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी सांगतो, मला राग कॉम्प्युटरचा नव्हताच. मला वाईट वाटत होतं, आणि तसं कबूल करायला जागा नव्हती.

आठेक महिन्यांनी तोच मुलगा नकाशा घेऊन आला. सगळं मापात होतं, पण नकाशा वाचता येत नव्हता, कारण प्रत्येक रेघ एकाच जाडीची होती. छेद गेलेली भिंत ठळक, पलीकडे दिसणारं बारीक, मापांच्या रेघा त्याहून बारीक, हे बोर्डावर पेन बदलता बदलता आमच्या डोळ्यांत मुरलं होतं. आम्ही दुपारभर बसलो. त्या दिवसापासून ती खुर्ची मला माझी वाटली.

*

(धागा काढणारी) काका, शंभराने भागण्याचं वाचलं आणि मी कुठे चुकतेय ते कळलं. नवी मुलं बेरीज करतात आणि मी मागून प्रत्येक आकडा स्वतः तपासत बसते. मी अजून पगारपत्रकंच करतेय.

*

माझा बदल कामाचा नाही, कानांचा आहे. मी निवृत्त शिक्षिका. ५८ व्या वर्षी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लागली. त्याआधी चार-पाच वर्षं मी घरच्यांना म्हणायचे, तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता. ते ओरडून बोलायला लागले की दुखावले जायचे. नातवंडं माझ्याशी बोलणं आटोपतं घ्यायला लागली तेव्हा मात्र तपासणीला गेले.

चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येईल अशी माझी समजूत होती. ऐकू आलं, पण सगळंच एकदम. स्वतःच्या चपला. वर्तमानपत्राची घडी उलगडताना होणारा कर्र आवाज. नळ, पंखा, फ्रिजची घरघर. आणि माझाच आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. तिसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं डबीत ठेवली आणि डबी कपाटात.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाई रागावल्या नाहीत, त्यांनी समोर बसवून समजावलं. कित्येक बारीक आवाज माझ्या मेंदूपर्यंत वर्षानुवर्षं पोचतच नव्हते. आता ते एकदम आले, तर कुठला आवाज धरायचा आणि कुठला सोडायचा हे मेंदूने पुन्हा शिकायला हवं, आणि यंत्र कपाटात ठेवून ते शिकणं होत नाही. सुरुवातीला शांत खोलीत दोन तास, मग हळूहळू वाढवायचं. रोज १५ मिनिटं मोठ्याने वाचायचं, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. मी वर्गात वाचायचे तशी उभी राहून वाचायला लागले.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आलं की फ्रिज बंद पडलाय, घरघर येत नाहीये. उठून बघितलं तर चालू होता. हात लावून खात्री केली. मी फ्रिजपाशी उभी राहून रडले. गर्दीत चारजण एकदम बोलले की आजही गोंधळ होतो, तो बहुधा राहील. पण धाकटा नातू आता कुजबुजून गुपितं सांगतो.

*

वाचतेय. मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं त्या अंगाने. धाग्याच्या सुरुवातीलाच "दोन्ही गोष्टी चांगल्याच, तरी" असं आलंय, ते फार महत्त्वाचं आहे. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीशी जुळवून घ्यायला माणसाला किती ताण पडतो त्याचे गुण ठरवले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३. पण त्याच यादीत लग्नाला ५० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणं, तेही आहे, २९ गुणांवर. आनंदाच्या प्रसंगालाही जुळवून घ्यावंच लागतं. ताई, तुमचं दुःख खोटं नाही.

दुसरं, एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेले पाच टप्पे ऑफिसांतल्या प्रशिक्षणात सर्रास दाखवतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. ते मुळात मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडलेले होते, नव्या सॉफ्टवेअरसाठी नव्हेत. माझ्याकडे येणारी माणसं त्या क्रमाने कधीच जात नाहीत. सकाळी स्वीकार, संध्याकाळी राग. तसं होत असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या रोजच्या सवयी तपासल्या. त्या आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. काकांचे आठ महिने आणि बाईंचे पाच आठवडे, दोन्ही वेळेवरच आहेत.

*

मी मात्र परत फिरलो. प्रोग्रामर होतो, टीमचा प्रमुख केलं. दीड वर्ष मनापासून प्रयत्न केला, कोर्स केले, सगळ्यांशी ठरवून बोललो. दिवसभर बैठका आणि रात्री घरी लपून कोड लिहायचो, तेवढाच वेळ बरा जायचा. शेवटी साहेबांना भेटून मूळ जागी पाठवा म्हणालो. पगार घटला, दोन महिने लोक विचित्र नजरेने बघायचे. चार वर्षं झाली. एकदाही पस्तावलो नाही. प्रत्येक बदल पचवलाच पाहिजे असं या धाग्याचं वळण होऊ नये, म्हणून लिहिलं.

*

नर्स आहे. ११ वर्षं रातपाळी, आता दिवसपाळी. रात्री २ वाजता टक्क जाग येते आणि वॉर्डातल्या पेशंटची आठवण येते. दीड महिना झाला. अजून काही सांगण्यासारखं नाही, सहा महिन्यांनी परत लिहीन.

*

वय ७४. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात. मार्चमध्ये वळणावर एक सायकलवाला मला उशिरा दिसला. त्याला काही झालं नाही. घरी आलो, गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि लेकाला म्हटलं, आजपासून तू. त्याने मला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याने सांगायच्या आधी मी ठेवल्या याचं समाधान आहे.

४६ वर्षं गाडी चालवली. आता शेजारच्या सीटवर बसतो. तिथे ब्रेक नसतो, पण पुढची गाडी थांबली की माझा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो. मॅट त्या जागी चुरगळलीये. लेक चांगली चालवतो, माझ्याहून सावकाश. मी रस्त्याकडे न बघता बाजूला बघायचा सराव करतोय. ज्या रस्त्याने हजारदा गेलो त्याच्या कडेला इतकी मोठी झाडं आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

काल परत येताना त्याच वळणावर पाय पुन्हा दाबला गेला. लेकाने ते पाहिलं. बोलला काही नाही, वेग थोडा कमी केला.