घाटात चालत्या गाडीतून उतरून सीताफळं तोडायचे – खरं की थाप?

रामबागचा_नातू

नमस्कार मंडळी, एका घरगुती भांडणाचा निकाल लावायचाय म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे दर दिवाळीत फराळाला बसलं की बाबांची एक गोष्ट होतेच होते. इंदूरहून खंडव्याला छोट्या लाईनीने जाताना, कोळशाचं इंजिन, पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटात गाडी म्हणे एवढी हळू चालायची की बाबा आणि माझे काका दारातून खाली उडी मारायचे, रुळाच्या कडेची सीताफळं तोडायचे आणि पळत येऊन मागच्या डब्यात परत चढायचे. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, म्हणजे १९६६-६७ धरा, दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे बऱ्हाणपूरला चालले होते. आई दरवर्षी म्हणते मुलांसमोर थापा मारू नका. यंदा माझ्या मुलीने विचारलं, आजोबा, टीसी ओरडला नाही का, तर बाबा म्हणतात टीसीनेच सांगितलं होतं दोन माझ्यासाठी पण आण. इथे मला पण जरा शंका आली.

मी स्वतः त्या लाईनीवर भरपूर फिरलोय पण सगळं डिझेलवर, कॉलेजात असताना पाताळपाणीचा धबधबा बघायला, आणि नंतर २०१८ ला हेरिटेज ट्रेन निघाली तेव्हा एकदा. कोळशाच्या गाडीत कधी बसलो नाही. तर ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांनी प्लीज सांगा, चालत्या गाडीतून उतरून परत चढणं शक्य होतं का? आणि सीताफळाशिवाय बाकी काही आठवत असेल तर तेही लिहा.

---

छावणीवाला

थाप. १०० टक्के थाप.

हीच गोष्ट मी माझ्या सासऱ्यांकडून दुसऱ्या घाटाची ऐकलीय, तिथे करवंदं होती. ऑफिसात एक जण आहेत त्यांच्या आजोबांनी बोरं तोडली होती. प्रत्येक घरात एक घाट आहे आणि प्रत्येक घाटात फुकटचं फळ आहे.

आणि भिया तुमच्या बाबांनी एक मोठी चूक केलीय. इंदूरहून खंडव्याला जाताना तो घाट उताराचा आहे. पाताळपाणी वर, कालाकुंड खाली. उतारावर गाडी हळू सोडतात ते ब्रेकच्या भीतीने, पाताळपाणीला थांबवून आधी ब्रेक तपासायचे आणि मगच खाली सोडायचे. इंजिन दमून हळू चालणार ते येताना, चढावर. जाताना सीताफळं कशी काय तोडली ते विचारा.

---

होळकरशाही

या निमित्ताने थोडा इतिहास. ही लाईन म्हणजे होळकर स्टेट रेल्वे. महाराज तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला त्यासाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर, वर जमीन फुकट. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचं, उलटं नव्हे, हे लक्षात घ्या. खंडव्याकडून काम सुरू झालं, १८७४ ला सनावदपर्यंत गाडी आली आणि १८७८ ला थेट खंडवा-इंदूर. मधे नर्मदेवरचा पूल आणि हा घाट या दोन्हींनी वेळ खाल्ला. घाटाचा चढ ४० ला १ आहे, म्हणजे ४० फूट पुढे गेलात की १ फूट वर. ऐकायला काही वाटत नाही पण लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घासून चढतंय हे ध्यानात घेतलं तर फार आहे.

---

छावणीवाला

सर विषय सीताफळाचा चालू आहे 😄

---

होळकरशाही

त्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही.

---

मोरटक्का_आजोळ

माझं आजोळ मोरटक्क्याचं, म्हणजे आताचं ओंकारेश्वर रोड स्टेशन, त्यामुळे हा प्रवास मी लहानपणी किती वेळा केला त्याला गणती नाही. सीताफळाचं माहीत नाही हो पण डोळ्यात गेलेला कोळसा अजून आठवतो. खिडकीची जागा मिळावी म्हणून भावंडांशी भांडायचं आणि मिळाली की महूच्या पुढे दहा मिनिटांत डोळ्यात कण. चोळू नको चोळू नको म्हणेपर्यंत चोळलेला असायचा, मग आई पदराचा बोळा करून तोंडाने त्यात गरम फुंकर मारायची आणि डोळ्यावर दाबून धरायची, दोन्ही पापण्या उलटून बघायची, शेजारची अनोळखी बाई पण येऊन बघून जायची, तिचं वेगळंच औषध असायचं. आजी तर नियमच करून टाकायची, इंजिनाकडे पाठ करून बसायचं. इंजिनाकडे तोंड करून खिडकीत बसला तो रडला.

आणि प्रवासाला पांढरे कपडे घालायचे नाहीत. माझ्या मावशीने एकदा लग्नाला जाताना पांढरी साडी नेसली, कारण ती मुळातच कुणाचं ऐकणारी नव्हती, खंडव्याला उतरली तेव्हा साडी राखाडी आणि त्यावर बारीक बारीक काळे ठिपके, कुणीतरी विचारलं अगं छान प्रिंट आहे कुठून घेतली.

बोगदा आला की सगळ्या डब्यात एकच आरडाओरडा, खिडक्या लावा खिडक्या लावा. लाकडाच्या त्या खिडक्या अर्ध्या वेळा अडकायच्या. मग आत धूर, काळोख, खोकला आणि पोरांच्या किंकाळ्या. बाहेर आलो की आपण एकमेकांकडे बघून हसायचं, नाकाखाली मिशा उगवलेल्या.

कालाकुंडला येताना गाडी बराच वेळ थांबायची कारण तिथे मागून दुसरं इंजिन लावायचे ढकलायला. तेवढ्यात खाली उतरून कलाकंद घ्यायचा, पळसाच्या पानात बांधून द्यायचे, वरून पानाचा वास लागलेला. पुलावर नर्मदेला नाणं टाकायचं. नाण्यासाठी खिडकी उघडली की परत डोळ्यात कण.

---

बडोदेकर_काका

आमच्याकडे बडोद्याला नॅरोगेज होती, अडीच फुटी. प्रतापनगरला बसायचं, डभोईला गाडी बदलायची, आणि चांदोद. आजोबांचं श्राद्ध म्हणून घरातली सगळी मोठी माणसं आणि पिंडाचं सामान आणि आम्ही दोघं पोरं. गायकवाडांनी डभोई-मियागाम लाईन १८६२ ला टाकली तेव्हा पहिली काही वर्षं गाडी बैल ओढायचे, हे मी मुद्दाम सांगतोय कारण आम्ही बसलो तेव्हाही काही ठिकाणी तोच वेग होता असं माझे वडील म्हणायचे. सपाट मुलूख, घाट-बिट काही नाही, तरी पोरं उतरून रुळाशेजारून पळायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे इंदूरच्या बाबांना माझ्याकडून संशयाचा फायदा. आता चांदोदवरून २०२१ पासून केवडियापर्यंत मोठी लाईन झालीय, एसी डब्यात बसून श्राद्धाला जातात लोक.

---

फायरमनची_मुलगी_महू

धागा उशिरा बघितला. माझे वडील महूच्या शेडला होते, आधी सेकंड फायरमन मग फर्स्ट, पुढे शंटर (यार्डात इंजिन हलवणारा) आणि शेवटी ड्रायव्हर. या घाटात त्यांनी बरीच वर्षं काढली म्हणून लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

रामबागच्या दादा, तुमच्या बाबांनी बहुतेक थाप मारलेली नाही. फक्त गाडी चालत नव्हती. उभी होती.

चढावर दोन इंजिनं असली तरी सगळा खेळ वाफेचा. कोळसा चांगला आला तर ठीक, दगड-माती जास्त असलेला आला की भट्टीच्या जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून थिजलेल्या राखेचा थर, धरायचा, खालून हवा कोंडायची, आणि मग कितीही कोळसा मारा वाफेच्या दाबाचा काटा खालीच येत जातो. कोळसा नुसता फेकायचा नसतो, पसरायचा असतो, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जाड आणि पुढे पातळ, आणि दर फावड्याला भट्टीचं दार उघडून पटकन बंद, नाहीतर थंड हवा आत शिरते. वडील धुराड्याकडे बघूनच ओळखायचे की फायरमन नवा आहे की जुना. काळाकुट्ट धूर म्हणजे कोळसा वाया चाललाय. फोटो काढणाऱ्यांना तोच आवडतो.

तर प्रेशर एवढं पडलं की घाटात मधेच गाडी उभी करून वाफ बनवावी लागायची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. सकाळच्या दवाने रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरायची, मग रुळावर वाळू सोडायची, तरी कधी कधी थांबावंच लागायचं. गाडी थांबली की पोरं काय मोठी माणसंही खाली उतरायची. आणि निघताना पुढचं इंजिन शिट्टी देणार, मागचं शिट्टीने उत्तर देणार, मग दोघांनी एकदम रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायची झडप, उघडायचा. त्या शिट्ट्या ऐकून झाडावरची पोरं पळत यायची, तोवर गाडी हलायला लागलेली, पुढचे डबे निघून गेलेले, म्हणून मागच्या डब्यात चढायचं. तुमच्या बाबांनी मागचा डबा म्हटलं ना, तिथेच मला वाटलं की हा माणूस खरंच उतरला होता.

आता हे वडिलांच्या बाजूने सांगते. घाटात गाडी उभी राहिली की वर जाब द्यावा लागायचा, मिनिटा-मिनिटाचा हिशेब. तरी वडील म्हणायचे मी थांबेन पण कमी पाण्यावर पाताळपाणी गाठणार नाही. आम्हाला कळायचं नाही का ते. मग एकदा त्यांनी जेवताना ताटात आमटीची वाटी तिरकी धरून दाखवली. चढावर इंजिनाचं नाक वर असतं, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीकडे सरकतं, आणि पाणी दाखवणारी काच पण मागेच, ड्रायव्हरसमोर. काच भरलेली दिसते. पाताळपाणीला वर आलात, सपाटी लागली, की तेच पाणी पुढे पळतं (इथे वाटी सरळ केली, आमटी सांडली, आई ओरडली) आणि भट्टीचं छत कोरडं पडतं. छताला शिशाची खिळी असते, लेड प्लग म्हणायचे, ती वितळते आणि वाफ भट्टीत शिरून आग विझवते. वितळली म्हणून बॉयलर वाचतो, पण इंजिन तिथेच मेलं, आणि फायरमनची चौकशी. म्हणून चढावर काचेवर विश्वास नाही.

घरी आम्हाला यातलं काय दिसायचं तर रात्री दोन वाजता दारावर कॉलबॉय, ड्युटीला बोलवायला आलेला. हातात कंदील, काखेत वही, वडिलांनी झोपेतच सही करायची. आई उठून दशम्या करायची, कारण पोळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत वातड होतात, आणि सगळं त्या काळ्या लोखंडी पेटीत जायचं. परत आले की डोळ्यांच्या कडेला काळी रेघ, काजळ घातल्यासारखी, ती कुठल्याच साबणाने जायची नाही, रिटायर झाल्यावर सुद्धा दोन वर्षं होती. शर्टाला पुढून बारीक बारीक भोकं. आणि कधी कधी डब्यात आमच्यासाठी बटाटे, फावड्यावर ठेवून भट्टीच्या तोंडाशी भाजलेले, वरून जळके आणि आतून लोणी. मी ओव्हनमध्ये करून बघितले, मायक्रोवेव्हमध्ये केले, गॅसवर केले. नाही होत.

टीसीचं मला माहीत नाही. पण मागच्या इंजिनवाल्यांनी सीताफळं मागवली असतील तर नवल नाही, आमच्या घरी ऑक्टोबरात कायम असायची आणि वडिलांनी ती विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

---

मोरटक्का_आजोळ

ताई, आमटीची वाटी काय समजावली आहे! म्हणजे आम्ही आत कलाकंद खात होतो आणि बाहेर हे चाललं होतं.

---

बडोदेकर_काका

मागच्या डब्याचा मुद्दा बिनतोड आहे. वकील आहात का?

---

फायरमनची_मुलगी_महू

नाही हो, शाळेत गणित शिकवायचे.

---

रामबागचा_नातू

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. डोळ्यातल्या कणाला आई म्हणाली हे मात्र खरं, ती पण सनावदची. उतार-चढावाचं आलं तेव्हा बाबा जरा गप्प झाले, मग म्हणाले येतानाच असेल, आणि गाडी उभी होती, नव्हती असं मी कधी म्हटलं? आई नुसती बघत राहिली. मावशी तुमचं वाचताना मात्र ते टीव्ही बंद करून बसले होते. म्हणाले शिट्ट्या आठवतात, आधी पुढची जाड आवाजाची आणि मग मागून दुसरी.

सीताफळं हिरवी होती म्हणे. आजीने ती तांदळाच्या डब्यात आठ दिवस पुरून ठेवली, पिकली नाहीत, काळी पडली, शेवटी गाईला घातली.

हे सगळं जुळलं म्हणून मी खूश होऊन आज सकाळी पुण्याला काकांना फोन लावला. काका म्हणाले, "तो कुठला उतरतोय? मी उतरलो होतो. तो दारात दांडा धरून रडत उभा होता, दादा गाडी सुटेल दादा गाडी सुटेल."

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

---

छावणीवाला

म्हणजे थापच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.