एच-इंडेक्स: अर्जात कुठला आकडा लिहू?

वाळपईची: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापावर माझं काम. तो गोचिडींतून पसरतो, म्हणून काजूच्या बागांत फिरून गोचिडी गोळा करते. आता प्राध्यापकपदाच्या अर्जात एच-इंडेक्सची, म्हणजे संशोधकाच्या पेपरांचा प्रभाव मोजणाऱ्या आकड्याची, चौकट आहे. पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटींपैकी गूगल स्कॉलर ६ दाखवतं, स्कोपस ४.

बांबोळीताई: ४ लिही, शेजारी 'स्कोपस' नि तारीख टाक. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे मसुदे) सुद्धा धरतं, म्हणून फुगतं. ४ म्हणजे चार पेपरांना प्रत्येकी निदान चार सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी घेतलेले संदर्भ. एकाला दोनशे मिळाली तरी आकडा हलत नाही. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं माप गो हे!

फोंडेकर: कॅन्सरवाल्यांशी तुलना करूच नका. माकडतापावर लिहिणारेच मोजके, सायटेशन देणार कोण?

वाळपईची: मुलाखतीत इम्पॅक्ट फॅक्टर विचारतातच पण.

बांबोळीताई: तो जर्नलचा, त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा; तुझा नव्हे. २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेला, संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोरा जाहीरनामा हेच सांगतो. बरं, लग्नाआधीच्या नावाचे पेपर स्कोपसमध्ये वेगळ्या प्रोफाइलवर नाहीत ना पडलेले?

वाळपईची: अरे देवा, दोन आहेत!

बांबोळीताई: मग आधी प्रोफाइल एकत्र करायची विनंती पाठव, ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) जोड. अर्ज त्यानंतर.