जुन्या दारांचे फोटो सपाट का येतात?

उजेड_वेडा:
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या बाळीवेस, उत्तर कसबा भागातली जुनी दारं, कड्या, चुना सुटलेल्या भिंती टिपतोय. प्रत्यक्ष बघताना नजर हटत नाही, फोटोत मात्र सगळं सपाट आणि मळकट. वेळ मिळतो तो दुपारी बारा ते दोन. मोबाईल आहे, शिवाय लहान सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या पट्टीचा) जुना डीएसएलआर कॅमेरा आणि 50 मिमीची लेन्स. लेन्स बदलू की वेळ? आणि "मोडक्या दाराचा कसला फोटो?" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

माळवद:
लेन्स राहू द्या, ऊन कुठून येतंय ते बघा. ऊन पाठीशी घेऊन समोरून फोटो काढला की भेगेत सावलीच पडत नाही, मग रंगाचे पापुद्रे दिसणार कसे? ऊन भिंतीला घासून गेलं पाहिजे, भिंतीशी 10 ते 20 अंशांचा कोन करून.

तुमची वेळ वाईट नाही. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, महिन्यानुसार 12:10 ते 12:40 च्या दरम्यान. पुढे तासाला 15 अंश सरकतो. म्हणजे उन्हाळ्यात पूर्वेकडचं दार माध्यान्हीच्या आधीच्या तासात आणि पश्चिमेकडचं नंतरच्या तासात बरोबर घासत्या उन्हात सापडतं. मेच्या मध्याला तर सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा चारही भिंतींवर ऊन वरून खाली घसरतं. डिसेंबरात दक्षिणेच्या भिंतीवर मात्र दुपारी समोरूनच पडतं, ती सोडा.

एक अडचण आहे. दार खोल चौकटीत असेल तर गणेशपट्टीची (चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीची) सावली अर्धं दार गिळते. अशा वेळी दार पूर्ण सावलीत जाईपर्यंत थांबा आणि एका बाजूला दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल धरा. एकाच बाजूला. दोन्हीकडे धरलात की पुन्हा सपाट.

काळा_पाषाण:
मळकटपणा एक्सपोजरमुळे, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो त्यामुळे येतो. काळपट लाकूड बघून कॅमेरा फोटो उजळवतो आणि काळ्याचा राखाडी होतो. दाराला कॅमेऱ्याच्या +/− एक्सपोजर सेटिंगमध्ये −0.7 ते −1 द्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला उलट, +0.7. लेन्सचं छिद्र एफ/8, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ 100. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, गंजाचा तांबूसपणा तोच खातो. उन्हात असाल तर 'डेलाइट'वर बांधून टाका. मोबाईलवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

लहान सेन्सरवर 50 मिमीने साडेसहा फुटांचं दार बसवायला चौदा-पंधरा फूट मागे जावं लागतं. बोळात तेवढी जागा कुठली? तिरकं उभं राहून अख्खं दार कोंबण्यापेक्षा जवळ जा. दीड फुटावरून ही लेन्स तळहाताएवढा भाग भरते. सेन्सर दाराला समांतर ठेवा, नाहीतर एफ/8 असूनही एक कड अस्पष्ट येईल.

धोटा_कांडी:
जवळ जाऊन बघायचं काय, तेही सांगतो. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तेलरंगाच्या भेगा फळीच्या उभ्या रेषेने जातात. खालची वीतभर पट्टी पावसाच्या शिंतोड्यांनी आधी उघडी पडते. बाभळीच्या फळीत खिळ्याभोवती निळसर काळा डाग दिसेल. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून तो होतो. एडिटिंगमध्ये सावल्या वर खेचल्या की पहिला तोच फिका पडतो.

पण सगळ्यात मोलाची ती कडी. बाकी लोखंड खरखरीत, गंजलेलं, आणि जिथे रोज बोटं लागली तेवढीच जागा गुळगुळीत, काळसर चकाकणारी. उंबरठ्याचा मधला खोलगटपणाही तसाच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या हातमागाचा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) हाती घ्या, धाग्याची कांडी बसते त्या खोबणीची कड बोटांनी गोल झालेली असते. पडझड कुठेही मिळते, वापराची झीज त्या घराचीच असते. विचारणाऱ्यांना हेच दाखवा. स्विस डॉक्टर योहानेस होफर यांनी 1688 मध्ये 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी बनवला. आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, पण त्या कडीकडे बघताना रंजनापेक्षा ओढच जास्त वाटते.

पांढरी_माती:
दारावर थोडं पाणी मारलं तर लाकडाचा रंग खुलतो, तेही करून बघा.

माळवद:
नको हो. सुटलेला पापुद्रा पाण्याने गळून पडतो आणि तो परत लावता येत नाही. तेलाचं तर नावच नको, धूळ धरून बसतं. लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारी काच) लावून फिरवा, तेलरंगावरची चमक जाऊन रंग गडद होतो. उघड्या लोखंडावर मात्र त्याचा उपयोग नाही. शिलालेखात खडू भरणं हाही तसाच अपराध. संध्याकाळी बाजूने टॉर्च धरला की अक्षरं आपोआप उठतात. भुईकोट किल्ल्यात स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. आणि राहत्या घराचं दार असेल तर आधी हाक मारा, मग कॅमेरा काढा.

उजेड_वेडा:
मनापासून आभार. मनात भरलेलं एक दार उत्तरेला तोंड करून आहे. त्याला ऊन कधी?

माळवद:
मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो, तेव्हा भर दुपारी वरून घासतं ऊन मिळेल. त्यातही मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा गाठा, पुढे ढग येतात. हिवाळ्यात त्या दारावर ऊन येतच नाही.