तालुक्याच्या लॅबसाठी ट्रूनॅट घ्यावं का?

प्रश्न: औंढा नागनाथला माझी छोटी लॅब आहे. क्षयाच्या तपासणीसाठी ट्रूनॅट हे मशीन घ्यायचा विचार आहे. इथलं भारनियमन त्याला झेपेल का? अन् ते बनवणारी ही गोव्याची मोलबायो कंपनी एवढी वाढली कशी?

उत्तर: ताई, मशीन बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल येतो. तपासणीच्या चिपा तेवढ्या तापत्या पत्र्याखाली ठेवू नका.

उत्तर: वाढायला लई वर्षं लागली. मूळ संशोधन बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेतलं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयासाठी ट्रूनॅटची शिफारस केली अन् त्याच वर्षी कोविडच्या तपासणीसाठी मशीनं तालुक्यापर्यंत पोचली. मला या कंपनीचा खरंच अभिमान वाटतो.

उत्तर: रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला दाद न देणारा क्षय दुसऱ्या चिपवर कळतो, तीही घ्याच. रुग्ण सापडला की निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करा. खासगी लॅबलाही ती बंधनकारक आहे.