एसजीसी८सी ॲप्टॅमर सीईएमवर चिकटतो, एचसीटी-११६वर का नाही?

प्रश्न: पेशीच्या पृष्ठभागावरच्या पीटीके७ या प्रथिनाला चिकटणारा एसजीसी८सी हा ॲप्टॅमर, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारा छोटा डीएनए (४१ न्यूक्लिओटाइडचा, ५ प्राइम टोकाला फॅम हा चमकणारा रंग), वापरतोय. २५० नॅनोमोलर, ४ अंशांवर ३० मिनिटं, मग फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणं). रक्ताच्या कर्करोगाच्या सीसीआरएफ-सीईएम पेशींचं शिखर छान उजवीकडे सरकतं, म्हणजे चमक वाढते. आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६चं जागचं हलत नाही. तळाला चिकटून वाढणाऱ्या या पेशी ०.२५ टक्के ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणारं विकर) सोडवल्या होत्या. ॲप्टॅमर खराब झालाय का?

उत्तर: मग तो सीईएमवर तरी कसा चिकटला असता? दोष ट्रिप्सिनचा. सीईएम तरंगत वाढतात, त्यांना ते लागतच नाही. एचसीटी सोडवताना मात्र पीटीके७चा पेशीबाहेरचा भागच छाटला जातो. खात्री हवी तर सीईएमनाही ५ मिनिटं ट्रिप्सिन द्या, शिखर मागे येईल.

त्याऐवजी २ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन), ३७ अंशांवर १० मिनिटं. पण ते मागे राहिलं तर मॅग्नेशियम पकडून बसतं आणि ॲप्टॅमरची घडी बिघडते, म्हणून दोनदा धुवा: डीपीबीएस (क्षारांचं बफर द्रावण), लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ॲप्टॅमर घालताना यातच मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या सीरममधलं प्रथिन) आणि ०.१ मिलिग्रॅम यीस्ट टीआरएनए, भलतीकडे चिकटणं रोखायला. त्याआधी ॲप्टॅमर ९५ अंशांवर ५ मिनिटं, लगेच बर्फात १० मिनिटं.

दुसरं उत्तर: स्क्रेपरने खरवडू नका. मेलेल्या पेशी कुठलाही डीएनए शोषतात आणि खोटं शिखर देतात. ७-एएडी (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) घालून त्या गेटबाहेर, म्हणजे मोजणीबाहेर काढा. शिवाय फॅम लावलेला, तेवढ्याच लांबीचा यादृच्छिक डीएनए सोबत हवाच; नुसत्या रिकाम्या पेशींशी तुलना म्हणजे काहीच नाही.

प्रश्नकर्ता: आभार. पुढे यालाच डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध जोडून उंदरांत द्यायचंय. ४ अंशांची आकडेवारी पुरेल?

उत्तर: नाही. ३७ अंशांवर ॲप्टॅमर पेशीत ओढला जातो, आणि आतल्या आम्लात फॅम मंदावतो. चमक घटली म्हणजे सुटला असं नव्हे, आम्लात न मंदावणारा साय५ रंग घ्या. उंदरात खरी अडचण मूत्रपिंडाची: जेमतेम १३ किलोडाल्टनचा रेणू झटपट गाळला जातो. ३ प्राइम टोकाला उलटा टी (उलट दिशेने जोडलेला थायमिडिन) लावल्यास न्यूक्लिएझ (डीएनए कापणारं विकर) थोपतं, गाळण नाही. ४० किलोडाल्टन पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) जोडल्यास तीही मंदावते, पण पेगविरोधी प्रतिपिंडं विसरू नका: रक्त गोठू न देणाऱ्या, पेग जोडलेल्या पेग्निव्हाकोजिन या ॲप्टॅमरची मोठी चाचणी तीव्र ॲलर्जीमुळेच थांबवावी लागली. डॉक्सोरुबिसिन नुसतं मिसळलं तर डीएनएच्या जोड्यांमध्ये घुसून बसतं खरं, पण सीरममध्ये गळतं. हायड्रॅझोनने जोडा, तो बंध आम्लात तुटतो, म्हणजे औषध बहुतांशी पेशीत शिरल्यावर सुटतं.