मदत हवी आहे: पुढची डावी काच आपोआप खाली येते

गाडी 2016 ची हॅचबॅक, मुक्काम घोडबंदर रोड, ठाणे. इग्निशन ऑन असताना पुढची डावी काच कोणी बटण न दाबता खाली येते. तीच एक काच, खालीच, आणि पाऊस झाला की हमखास. म्हणजे रिमोटचं बटण दाबलं जाणं बाद. त्याने चारही काचा उतरल्या असत्या.

मोटरचा कनेक्टर काढला तर काच जागेवर राहते, त्यामुळे रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) ठीक वाटतो. त्या कनेक्टरच्या दोन्ही वायरींवर एरवी बॉडीशी 0 व्होल्ट हवेत; बिघाडाच्या वेळी एकीवर 8-9 मिळतात. ड्रायव्हरकडचा मास्टर स्विच (सगळ्या काचांची बटणं असलेला) उघडला, पितळी पट्ट्यांवर हिरवट थर होता. काँटॅक्ट क्लीनरने धुतल्यावर चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

अडलंय इथे: मोटरची अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीकडे परतीची वाट) मास्टर स्विचमधूनच जाते. त्याचा प्लग काढला की मोटर तशीही बंद, मग दोष स्विचचा की दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या सोललेल्या वायरीचा, हे कळणार कसं? डावीच्या दोन वायरी मास्टरच्या प्लगवर तात्पुरत्या अर्थ केल्या आणि त्या नळीत शॉर्ट असेल, तर फ्यूज उडेल ना? दुसरी सुरक्षित पद्धत आहे का? नवा स्विच महाग आहे. ठाणे, कळवा किंवा वाशीत स्विच खोलून दुरुस्त करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर कृपया सांगा.