क्रिप्टो बॉट: ग्रिड, डीसीए की मार्टिंगेल? तयार सेटिंगमधली कुठली घेऊ?

कर्वेनगरचा_टेस्टर
मंडळी नमस्कार, मी हिंजवडीत टेस्टिंगला आहे, येऊन जाऊन रोजचे तीन तास बसमध्ये जातात त्यामुळे चार्टसमोर बसणं काही जमत नाही म्हणून बॉट, म्हणजे आपोआप खरेदीविक्री करणारा प्रोग्राम, लावायचा विचार आहे. १ लाख बाजूला काढलेत, गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढं बघूनच काढलेत. अ‍ॅपमध्ये तयार स्ट्रॅटेजी दिसतात, ग्रिड (ठरलेल्या रेंजमध्ये पायरीपायरीने खाली घ्यायचं, वर विकायचं), डीसीए (थोडं थोडं घेत खरेदीचा भाव सरासरीत आणायचा), मार्टिंगेल (भाव पडला की पुढची खरेदी दुप्पट) आणि एक मूव्हिंग अ‍ॅव्हरेजवाली ट्रेंडची (सरासरी भावावरून कल बघून घ्यायचं-विकायचं). ग्रिडसमोर गेल्या ३० दिवसांचा नफा सगळ्यात जास्त दिसतोय आणि नुसतं कॉपी दाबलं की चालू होतं. मी बिटकॉइनची ५० ते ६० लाखांची रेंज आणि २० ग्रिड धरलेत. कुणी खरंच चालवलंय का? अनुभव सांगा प्लीज.

निगडीकर
मी सात महिने ग्रिड चालवलाय. पहिली गोष्ट, ते ३० दिवसांचे आकडे बघून ठरवू नकोस, कारण ज्या महिन्यात भाव एकाच पट्ट्यात वरखाली झाला त्या महिन्यात कुठलाही ग्रिड भारीच दिसणार आणि तू कॉपी करशील तेव्हा भाव त्याच पट्ट्यात राहील असं काही नाही. माझ्या स्क्रीनवर ग्रिड प्रॉफिट रोज वाढत होता, मी खूश, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात एकूण नफातोटा असतो तो बघायचाच राहिला. भाव रेंजच्या खाली गेला तेव्हा बॉटने सगळ्या पायऱ्यांवर खरेदी करून ठेवलेली होती आणि विकण्याचे भाव सगळे वरच राहिले, नुसता अडकून बसला. नोव्हेंबर २०२१ ला बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता आणि वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला, अशा पडझडीत कुठली रेंज पुरणार सांग. उलट भाव रेंजच्या वर गेला की सगळं आधीच विकलेलं असतं आणि आपण नुसतं बघत राहतो.

पेठेतला_सीए
स्ट्रॅटेजीचं बोलताय पण कराचं कुणीच बोलत नाहीये, आणि आपल्याकडे निकाल तिथेच लागतो. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३०% कर आणि वर सेस, म्हणजे ३१.२%. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १% टीडीएस, नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर.

आता तुझाच ग्रिड घे. एका पायरीला ५,००० रुपये, नफा साधारण ४५, फी दोन्ही बाजूंची मिळून १० धर, हातात ३५. पण टीडीएस कापला ५०! अशा २०० विक्र्या झाल्या की हातात ७,००० आले आणि टीडीएसमध्ये १०,००० गेले, म्हणजे नफ्यात असूनही खातं ३,००० ने कमी. खरा कर होतो फक्त २,८०० च्या आसपास, उरलेले ७,२०० रिटर्न भरल्यावर परत मिळतील पण तोपर्यंत ते भांडवल बॉटकडे नाही. आणि खरेदीविक्रीची जोडी रुपयात नसून यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) असेल तर खरेदीच्या वेळीही तू यूएसडीटी देतोस, तोही व्यवहारच, म्हणून दोन्ही बाजूंना १%. आणि हो, कर काढताना फी नफ्यातून वजा करता येत नाही, वजा होते ती फक्त खरेदीची किंमत.

सिंहगडरोड_ताई
सीए साहेब, मग मार्टिंगेलमध्ये तोटा झाला तर तो नफ्यातून वजा होतो ना? माझा भाऊ तेच चालवतो, म्हणतो शंभरातले पंच्याण्णव सौदे नफ्यात जातात.

पेठेतला_सीए
नाही होत ताई, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. समजा ४० सौद्यांत प्रत्येकी १५० मिळाले, झाले ६,०००. एका सौद्यात ८,००० गेले. खिशातून २,००० गेलेच आहेत, तरी कर ६,००० वरच, म्हणजे अजून १,८७२. भावाला हे नक्की सांगा. बाहेरच्या एक्सचेंजवर टीडीएस कापला नाही म्हणून कर सुटला असंही नसतं, तेही सांगा.

निगडीकर
ताई, त्या डीसीएच्या नावावरही जाऊ नका, आपण एसआयपी समजतो पण बऱ्याच अ‍ॅपमधला डीसीए बॉट हा मार्टिंगेलचाच भाऊ आहे. पहिली ऑर्डर ५०० ची, मग भाव पडेल तशी १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. पाचच सेफ्टी ऑर्डर आणि ३१,५०० रुपये अडकले. खरी एसआयपी म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, भाव काहीही असो. २०२२ भर ज्यांनी तशी चालू ठेवली ते मार्च २०२४ ला बिटकॉइनने जुना उच्चांक ओलांडला तेव्हा फायद्यात होते, आणि मधे विक्रीच नाही त्यामुळे टीडीएसही नाही. ट्रेंडवाल्यात सौदे कमी होतात हे चांगलं, पण भाव आडवा चालला की वर घेतो खाली विकतो असं होत राहतं आणि तो तोटा वजाही होत नाही.

कर्वेनगरचा_टेस्टर
बापरे, टीडीएसचा हा हिशोब डोक्यातच नव्हता. मग मी असं करतो, ६० हजारांची साधी महिन्याची एसआयपी, रुपयाच्या जोडीत. २० हजारांचा ग्रिड शिकण्यापुरता, पण पायरी १% ची नाही तर ४-५% ची, म्हणजे पाचसहाच पायऱ्या. उरलेले २० हजार बँकेतच. मार्टिंगेल नको. चालेल का?

निगडीकर
चालेल. रेंजच्या खाली गेला तर काय करायचं ते आजच वहीत लिहून ठेव, त्या दिवशी सुचत नाही. बॉट एक्सचेंजच्या बाहेरचा असेल तर एपीआय कीला (बॉटला तुझ्या खात्यात सौदे करू देणारी चावी) पैसे काढायची परवानगी देऊ नकोस आणि आयपीचं बंधन घाल, म्हणजे ती की फक्त ठरलेल्या इंटरनेट पत्त्यावरूनच चालेल. डिसेंबर २०२२ ला थ्रीकॉमाज या बॉट पुरवणाऱ्या कंपनीच्या युजर्सच्या कीज लीक झाल्या होत्या. तेव्हा काही जणांच्या खात्यातून पैसे न काढताच नुसते उलटेसुलटे सौदे करून नुकसान केलं गेलं, म्हणून आयपीचं विसरू नकोस.

पेठेतला_सीए
आणि प्रत्येक सौद्याची एक्सेल दर महिन्याला उतरवून ठेव, जुलैमध्ये एकदम शोधायला बसलास तर मिळत नाही.